नसीम हमीद नेमका किती मोठा? एकोणीस लढतींच्या फेरतपासणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

या नोंदींना कारण ठरला तो आमच्या पुण्यातील मुष्टियुद्ध प्रशिक्षण केंद्रात डिसेंबरमध्ये घडलेला एक प्रसंग. सोळा वर्षांचा एक डावखुरा मुलगा सरावात दोन्ही हात कमरेजवळ सोडून, हनुवटी पुढे काढून उभा राहिला आणि पुढच्याच क्षणी समोरच्याचा साधा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्याच्या नाकावर बसला. रक्त पुसता पुसता मी त्याला कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, प्रिन्स नसीम असाच लढायचा ना?" ज्यांच्या हाताखाली मी स्वतः शिकलो, ते आमचे ज्येष्ठ प्रशिक्षक शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "तो नुसता देखावा होता. तोडीस तोड माणूस समोर आला, त्या दिवशी संपला." सरांचे म्हणणे मला पटले नाही, पण ते खोडून काढण्याइतका पुरावाही त्या वेळी माझ्यापाशी नव्हता. नसीमच्या महत्त्वाच्या लढती ओळीने पाहून, प्रत्येक फेरीला गुण देऊन आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची त्या दिवसाची ताकद तपासून या प्रश्नाचा निकाल लावावा, असे मी तेव्हा ठरवले. दुसऱ्या एखाद्या मुष्टियोद्ध्याबद्दल हेच काम करू पाहणाऱ्यांना माझ्या चुका टाळता याव्यात, म्हणून ही वही ठेवत आहे.

कामाची चौकट अशी आहे. नसीम हमीदचा जन्म १२ फेब्रुवारी १९७४ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे, येमेनहून आलेल्या कुटुंबात झाला. १९९२ ते २००२ या काळात तो ३७ व्यावसायिक लढती लढला; त्यांपैकी ३६ जिंकला, त्यातल्या ३१ मुदतीआधी संपवल्या, आणि एक हरला. सप्टेंबर १९९५ मध्ये तो डब्ल्यूबीओ संघटनेचा (व्यावसायिक मुष्टियुद्धातील चार जागतिक संघटनांपैकी ही एक; इतर तीन डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि आयबीएफ) फेदरवेट विजेता झाला आणि ते विजेतेपद त्याने पंधरा वेळा राखले. या गटाची वजनमर्यादा १२६ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो आहे. विजेतेपदाची पहिली लढत, पंधरा बचाव, मार्को अँटोनियो बरेराविरुद्धचा एकमेव पराभव आणि शेवटची लढत अशा अठरा लढती मी निवडल्या आहेत.

१२ जानेवारी

पहिला आठवडा वाया गेला आणि त्याला माझी घाईच कारणीभूत होती. लढती पाहण्याआधीच मी गुणांकनाचा तक्ता तयार केला आणि त्यात मुदतीआधी संपवलेल्या लढतींच्या टक्केवारीला सर्वांत जास्त वजन दिले. नसीमची ही टक्केवारी ३७ पैकी ३१, म्हणजे जवळपास ८४ येते. पडताळा म्हणून मी त्याच तक्त्यात जुन्या काळातला अमेरिकन फेदरवेट विजेता विली पेप याचे नाव घातले, तर तो थेट तळाला गेला. पेपने २२९ लढती जिंकल्या आणि त्यांतल्या फक्त ६५ मुदतीआधी संपवल्या. पण या वजनगटात बचावाची आणि पदन्यासाची एवढी जाण असलेला माणूस क्वचितच झाला, याबद्दल जाणकारांत मतभेद नाहीत. ज्या तक्त्यात विली पेप तळाला जातो, त्या तक्त्याचा उपयोग नाही, म्हणून तो मी रद्द केला.

नव्या तक्त्यात चारच रकाने ठेवले आहेत: प्रतिस्पर्धी कोण होता, लढतीच्या दिवशी तो कोणत्या स्थितीत होता, लढत कशी जिंकली, आणि पुढच्या दोन वर्षांत त्या प्रतिस्पर्ध्याने काय केले. चौथा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हरलेला माणूस नंतर पुन्हा उभा राहिला असेल, तर त्याला हरवणाऱ्याची किंमत त्यातूनच कळते.

२० जानेवारी

दुसरी चूक झाली ती पाहण्याच्या क्रमाची. उत्सुकतेपोटी मी सर्वांत आधी ७ एप्रिल २००१ ची लास व्हेगासमधली लढत लावली, ज्यात मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेराने नसीमला बारा फेऱ्यांत निर्विवादपणे हरवले. त्यानंतर १९९५ ची लढत पाहायला बसलो, तर मला सगळीकडे दोषच दिसू लागले: डोके सरळ मागे खेचणे, पाय एकमेकांपासून फार दूर ठेवणे, हात खाली सोडणे. शेवट ठाऊक असला की सुरुवातही त्याच रंगाची दिसते. तीन लढतींचे गुण मी खोडून टाकले, आठ दिवस हे काम पूर्ण बंद ठेवण्याचे ठरवले, आणि पुढच्या वेळी काटेकोरपणे तारखेच्या क्रमानेच पाहायचे असे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

२८ जानेवारी

३० सप्टेंबर १९९५, कार्डिफ. स्टीव्ह रॉबिन्सन हा त्याच शहरातला, सात वेळा विजेतेपद राखलेला, चिवट आणि सरळ मार्गाने लढणारा माणूस. त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर एकवीस वर्षांच्या नसीमने त्याला आठव्या फेरीत संपवले. ही लढत पहिल्यांदा पाहणाऱ्याला खटकते ती नसीमची बेफिकिरी, आणि मीही तिच्यातच अडकलो. दुसऱ्यांदा पाहताना मी रॉबिन्सनवर नजर ठेवली. तो ठोसा मारायला सुरुवात करतो आणि हात अर्ध्यावर थांबवतो, कारण ज्याला मारायचे ते डोके तिथे राहिलेले नसते आणि उत्तर कुठून येईल याचा त्याला अंदाज लागत नाही. चौथ्या फेरीपासून त्याचे अर्धवट सोडलेले ठोसे पुऱ्या ठोशांपेक्षा जास्त दिसू लागतात. एखाद्या अनुभवी विजेत्याला ठोसा मारण्याचीच धास्ती वाटायला लावणे याला देखावा म्हणता येणार नाही, असे मी या लढतीसमोर ठामपणे लिहिले आहे.

पुढच्या दोन लढतींना वेळ लागला नाही. सईद लावल ३५ सेकंदांत संपला. डॅनियल अलिसियाने पहिल्या फेरीत नसीमला खाली पाडले आणि दुसऱ्या फेरीत तो स्वतःच बाद झाला. अलिसियासमोर मात्र मी एक खूण करून ठेवली आहे: नसीम मागे सरताना डोके बाजूला न नेता सरळ रेषेत नेतो आणि त्या रेषेवर आलेला सरळ ठोसा त्याला गाठतो. ही खूण पुढे उपयोगी पडणार आहे.

४ फेब्रुवारी

आज नऊ तासांचे काम वाया गेल्याचे लक्षात आले. ब्रिटनमध्ये काही वर्षे राहिलेल्या एका स्नेह्यांकडून चार जुन्या व्हिडिओ कॅसेट मिळाल्या होत्या. त्या एका दुकानात देऊन मी त्यांचे संगणकावर चालणाऱ्या फायलींत रूपांतर करून घेतले आणि प्रत्येकीसाठी ३५० रुपये, म्हणजे एकूण १,४०० रुपये मोजले. या चारही लढतींत नसीमचे हात मला थक्क करणारे वाटले आणि हातांच्या वेगाबद्दल मी वहीत बरेच काही लिहून ठेवले. आज सहज घड्याळ लावले, तर घंटेपासून घंटेपर्यंतची फेरी तीन मिनिटांऐवजी दोन मिनिटे त्रेपन्न सेकंदांत संपत होती. रूपांतराच्या वेळी गती चुकीची निवडली गेल्यामुळे चित्र मुळापेक्षा सुमारे चार टक्के जलद चालत होते. डोळ्यांना एवढा फरक कळत नाही. माणूस फक्त जास्त चपळ दिसतो आणि आपण फसतो.

उपाय साधा निघाला. चित्र चालवण्याच्या प्रणालीत गती ०.९६ केली आणि फेरी तीन मिनिटांची झाली. चारही लढती पुन्हा पाहाव्या लागल्या. हे काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की गुण देण्याआधी पहिल्या फेरीला घड्याळ लावा. मूळ गतीत पाहिल्यावर नसीमचे हात जलद आहेत, पण अलौकिक नाहीत. त्याचे वेगळेपण वेळ साधण्यात आणि अंतराच्या अंदाजात आहे: ज्या अंतरावरून कोणी ठोसा मारेल असे समोरच्याला वाटत नाही, तिथून तो झेप घेऊन मारतो.

११ फेब्रुवारी

ऑगस्ट १९९६ ची डब्लिनमधली मॅन्युएल मेडिनाविरुद्धची लढत हा माझ्या मते नसीमच्या कारकिर्दीतील सर्वांत दुर्लक्षित विजय आहे. मेडिना आधी दोन वेळा जागतिक विजेता झालेला, न थकणारा आणि सतत ठोसे टाकणारा मेक्सिकन होता. त्याने नसीमला अनेक फेऱ्या ताटकळत ठेवले आणि अकराव्या फेरीनंतर मेडिनाच्या कोपऱ्यातूनच माघार घेण्यात आली. चौथ्या रकान्यात पाहिले, तर मेडिना त्यानंतर १९९८ आणि २००१ मध्ये पुन्हा आयबीएफचा आणि २००३ मध्ये डब्ल्यूबीओचा विजेता झाला. म्हणजे नसीमने हरवला तो संपत आलेला माणूस नव्हता.

८ फेब्रुवारी १९९७ रोजी लंडनमध्ये नसीमने आयबीएफ विजेता टॉम जॉन्सनला आठव्या फेरीत हरवले. जॉन्सनने आपले विजेतेपद अकरा वेळा राखले होते. सरांचे मत असे की जॉन्सन तेव्हा उतरणीला लागला होता. हे खरे मानले, तरी तो तीन वर्षांहून अधिक काळ कोणालाही न हरवता आलेला विजेता होता, हेही तितकेच खरे आहे, आणि म्हणून मी इथे पूर्ण गुणांपैकी फक्त एक कमी केला. मॉलिना, हार्डी, कॅब्रेरा आणि बादिलो या चार लढतींवर फार वेळ घालवला नाही. त्यांतल्या तीन पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीत संपल्या. बिली हार्डी तर दीड मिनिटाच्या आसपासच बाद झाला. फक्त बादिलो सातव्या फेरीपर्यंत टिकला.

१७ फेब्रुवारी

१९ डिसेंबर १९९७, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन, प्रतिस्पर्धी केव्हिन केली. एकूण सहा वेळा कोणी ना कोणी खाली पडले: नसीम तीनदा आणि केली तीनदा, आणि तिसऱ्यांदा पडलेला केली चौथ्या फेरीत उठू शकला नाही. ही लढत वादाच्या दोन्ही बाजूंना आपापला पुरावा देते, म्हणून तिच्यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या.

सर म्हणतात त्याप्रमाणे, जो माणूस चार फेऱ्यांत तीनदा पडतो त्याचा बचाव कच्चा आहे, आणि यावर वाद घालण्यात अर्थ नाही. अलिसियाच्या लढतीत केलेली खूण इथे पुन्हा भेटते: सरळ मागे जाणारे डोके आणि वरून येणारा ठोसा. पण पडल्यानंतरचे नसीमचे वागणे मी फेरी थांबवून थांबवून पाहिले. तो घाबरत नाही, मिठी मारून वेळ काढत नाही, आणि उठल्यावर पुढच्याच देवाणघेवाणीत अंतर थोडेसे बदलून तोच ठोसा चुकवून उलट मारण्याचा प्रयत्न करतो. माजी जागतिक विजेत्याला त्याच्याच शहरात, स्वतः तीनदा पडूनही बाद करणे याला धैर्य लागते. शिवाय दोन्ही हातांत लढत एका ठोशात फिरवण्याची ताकद लागते, आणि सत्तावन्न किलोच्या गटात अशी ताकद असलेली माणसे मोजकीच झाली आहेत. या लढतीला मी बचावासाठी चार आणि धैर्य व ताकदीसाठी दहा गुण दिले.

नसीमच्या रिंगमधल्या प्रवेशाबद्दल एकदाच लिहितो. केली रिंगमध्ये वाट पाहत असताना नसीम कित्येक मिनिटे पडद्यामागे सावलीत नाचत राहिला. दोरीवरून कोलांटी मारून रिंगमध्ये उतरणे, बिबट्याच्या ठिपक्यांच्या चड्ड्या, आणि मार्च २००० मध्ये बुंगूविरुद्ध उडत्या गालिच्यावर बसून येणे यामुळे लोक हलक्या वजनाच्या लढती पाहायला तिकिटे काढू लागले आणि या गटात मोठ्या रकमा आल्या. हे मोठेपण खरे आहे, पण तक्त्यात मी त्याला रकाना दिलेला नाही, कारण इथला प्रश्न दोऱ्यांच्या आत काय झाले एवढाच आहे.

२४ फेब्रुवारी

आज दोन दुरुस्त्या करतो.

पहिली. नोंदी शोधताना 'इंगल' या नावाखाली मी दोन माणसांची माहिती एकत्र करून ठेवली होती. ब्रेंडन इंगल हे शेफील्डमधल्या विंकोबँक भागातील व्यायामशाळेचे प्रशिक्षक होते; नसीम लहान असल्यापासून त्यांच्याकडे शिकला आणि १९९८ च्या शेवटी त्यांच्यापासून वेगळा झाला. पॉल इंगल हा एप्रिल १९९९ मध्ये नसीमकडून हरलेला मुष्टियोद्धा असून त्या दोघांचे काहीही नाते नाही. या घोळामुळे प्रशिक्षकबदलाची माझी तारीखही चुकली होती.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे, कारण ती मी वादाच्या वेळी सरांसमोर ठासून सांगितली होती. नसीमकडे चारही संघटनांचे विजेतेपद एकत्र होते, असे मी म्हणालो होतो, आणि ते खरे नाही. त्याने आयबीएफचे पद जॉन्सनकडून घेतले आणि त्याच वर्षी सोडून दिले. एप्रिल १९९८ मध्ये त्याने विल्फ्रेडो वास्केझला हरवले, पण ही लढत स्वीकारल्यामुळे वास्केझचे डब्ल्यूबीए पद आधीच गेले होते आणि ते पणाला लागलेच नाही. डब्ल्यूबीसीचे पद त्याने ऑक्टोबर १९९९ मध्ये डेट्रॉइटला सेझर सोटोकडून घेतले आणि तेही लवकरच सोडले. म्हणजे तीन संघटनांच्या विजेत्यांना किंवा नुकतेच पद गेलेल्यांना त्याने हरवले, पण चार पट्टे एकाच वेळी त्याच्या कमरेला कधीच नव्हते. मी सरांना फोन करून ही चूक कबूल केली. ते एवढेच म्हणाले, "चांगलं केलंस. आता वास्केझचं वय बघ."

वय पाहिले. वास्केझ तेव्हा ३७ वर्षांचा होता. तीन वजनगटांत विजेता झालेला हा माणूस मोठाच होता, पण त्याच्या ओळीतले 'लढतीच्या दिवशीची स्थिती' या रकान्यातले गुण मला निम्म्यावर आणावे लागले.

५ मार्च

१९९८ ते २००० या काळातील लढती पाहिल्यावर माझे मत पहिल्यांदा हलले. ३१ ऑक्टोबर १९९८ रोजी अटलांटिक सिटीमध्ये वेन मॅककुलोविरुद्ध नसीम गुणांवर जिंकला. मॅककुलो हा १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा रौप्यपदक विजेता आणि बँटमवेटचा (फेदरवेटहून हलक्या वजनगटाचा) माजी जागतिक विजेता होता, आणि त्याला पाडणे कोणालाच जमलेले नव्हते. तिन्ही पंचांनी नसीमलाच विजयी ठरवले आणि माझेही तेच मत आहे, पण बारा फेऱ्यांत नसीम जवळपास एकच गोष्ट करत राहिला: मागे रेलून वाट पाहणे आणि एका मोठ्या ठोशासाठी उडी घेणे. तो ठोसा बसूनही समोरचा पडत नाही, हे कळल्यावर त्याच्याकडे दुसरा मार्ग दिसला नाही. शेफील्डच्या व्यायामशाळेत शिकलेले छोटे छोटे पदन्यास, बाजूला सरकणे, उभे राहण्याची ढब बदलणे हे सगळे हळूहळू कमी होत गेलेले या लढतीपासून स्पष्ट दिसते.

हे खरोखर घडत गेले की मला तसे वाटते, याची खात्री करण्यासाठी मी यादीत एक लढत वाढवली: मे १९९४ मधील विन्चेन्झो बेलकास्त्रोविरुद्धची युरोपीय बँटमवेट विजेतेपदाची लढत. ती आधीच न घेणे ही माझी चूक होती. वीस वर्षांचा नसीम तिथे अनुभवी इटालियनाविरुद्ध बारा फेऱ्या लढतो, जवळून मारतो, कोन बदलतो, आणि ठोशांच्या मालिका रचतो. १९९४ च्या या लढतीशेजारी १९९८ ची लढत लावून पाहिली, की त्याच्याजवळचे एकेक हत्यार कसे गळत गेले ते कळते. सहज विजयांनी त्याचे नुकसान केले, असे मला वाटते. एका ठोशाने काम भागत असल्यावर बाकीच्याचा सराव कोण करील?

पॉल इंगलने दहा फेऱ्या झुंज दिली आणि अकराव्या फेरीत तो बाद झाला. चौथा रकाना या विजयाची किंमत वाढवतो, कारण तोवर अपराजित असलेल्या इंगलने त्याच वर्षी मेडिनाला हरवून आयबीएफचे विजेतेपद मिळवले. सोटोविरुद्धची लढत मी तीनदा पाहिली आणि तो वेळ वायाच गेला म्हणायला हवा. ढकलाढकली आणि मिठ्यांनी भरलेल्या त्या लढतीत नसीमने सोटोला उचलून आपटले आणि त्याबद्दल त्याचा गुणही कापला गेला. व्हुयानी बुंगू हा त्याच्याहून एक वजनगट खालचा, तेरा वेळा पद राखलेला विजेता होता. त्याला चौथ्या फेरीत डाव्या सरळ ठोशाने बाद करणे हा माझ्या दृष्टीने नसीमचा शेवटचा मोठा क्षण आहे.

१६ मार्च

आज सर घरी आले आणि आम्ही बरेराविरुद्धची लढत एकत्र पाहिली. जानेवारीत मी ती समालोचनासह पाहून नसीमला पाच फेऱ्या दिल्या होत्या. आज आवाज बंद करून त्या चारच निघाल्या. प्रत्यक्ष पंचांचे आकडे ११५-११२, ११५-११२ आणि ११६-१११ असे होते. शेवटच्या फेरीत बरेराने नसीमचे डोके कोपऱ्याच्या खांबाकडे दाबल्याबद्दल त्याचा एक गुण कापला गेला होता, म्हणजे दोन पंचांनी नसीमला चार आणि एकाने तीनच फेऱ्या दिल्या होत्या. माझे गुण समालोचकांच्या स्वरामुळे एका फेरीने सरकले होते, म्हणून बाकीच्या सगळ्या लांब लढतीही मी आवाज बंद करून पुन्हा तपासणार आहे.

तिसऱ्या फेरीत सरांनी माझ्या हातातून रिमोट घेतला. "हात नको बघूस. बरेराचा डावा पाय बघ," ते म्हणाले. मग आम्ही पूर्ण तीन फेऱ्या फक्त पाय पाहिले. नसीम डावखुरा, म्हणजे त्याचा उजवा पाय पुढे. बरेराचा डावा पुढे. बरेरा प्रत्येक वेळी आपला डावा पाय नसीमच्या उजव्या पायाच्या बाहेर टाकतो आणि स्वतःच्या डावीकडे अर्धे पाऊल सरकतो. तेवढ्याने नसीमच्या डाव्या हाताला, ज्या हाताने त्याने कितीतरी माणसे झोपवली, मारायला समोर कोणीच उरत नाही. नसीम उडी घेतो तेव्हा बरेरा तिथून निघालेला असतो आणि नसीम जमिनीवर टेकतो त्या क्षणी, पाय फाकलेले आणि तोल गेलेला असताना, बरेराचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, येतो. बाराही फेऱ्या हेच चालते. बरेरा आक्रमक म्हणून प्रसिद्ध होता. त्या रात्री तो घाई न करता लढला आणि नसीमला अपेक्षित असलेली मारामारी त्याने होऊच दिली नाही.

मी म्हणालो, "सर, बरेरा हा त्या पिढीतल्या सर्वोत्तमांपैकी एक. त्याच्याकडून हरणे हा गुन्हा नाही."

"हरणं नाही रे. बाराव्या फेरीत तो पहिल्या फेरीसारखाच लढत होता, हे माझं म्हणणं आहे. आणि नंतर परत आलाच नाही."

या दोन्ही मुद्द्यांवर माझ्याकडे उत्तर नाही. बरेरा स्वतः १९९६ आणि १९९७ मध्ये ज्युनियर जोन्सकडून दोनदा हरला होता, फेब्रुवारी २००० मध्ये एरिक मोरालेसकडूनही वादग्रस्त निर्णयात हरला होता, आणि प्रत्येक वेळी काहीतरी शिकून परतला होता. नसीमने मे २००२ मध्ये लंडनला मॅन्युएल काल्वोविरुद्ध एक निरुत्साही विजय मिळवला आणि तो थांबला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

२३ मार्च

कारकीर्द छोटी होती म्हणून नसीमचे गुण कापू नयेत, हे मी सुरुवातीला धरलेले मत तपासण्यासाठी साल्वादोर सांचेझशी तुलना केली. सांचेझ ऑगस्ट १९८२ मध्ये मोटार अपघातात वारला तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. त्याआधीच्या अडीच वर्षांत त्याने डॅनी लोपेझला दोनदा हरवले, ऑगस्ट १९८१ मध्ये तोपर्यंत अपराजित असलेल्या विल्फ्रेडो गोमेझला आठव्या फेरीत संपवले, आणि मृत्यूच्या तीनच आठवडे आधी अझुमा नेल्सनला पंधराव्या फेरीत हरवले. गोमेझ आणि नेल्सन हे दोघेही पुढे जागतिक फेदरवेट विजेते झाले. म्हणजे कारकीर्द छोटी असूनही तिच्यात काय भरता येते, याचे उदाहरण समोर आहे. नसीमच्या यादीत गोमेझ किंवा नेल्सनच्या तोडीचे, ऐन भरात असताना हरवलेले नाव मला सापडले नाही. जॉन्सन, मेडिना, केली, पॉल इंगल ही चांगली, काही तर फार चांगली नावे आहेत. वास्केझ मोठा, पण उशिरा भेटलेला. आणि त्या काळात त्याच्या आसपास असलेले मोरालेस, लुइसितो एस्पिनोसा आणि डब्ल्यूबीओच्या यादीत वरच्या स्थानी वाट पाहणारा हुआन मॅन्युएल मार्केझ यांच्याशी त्याची लढत झालीच नाही. मार्केझची ओळ रिकामी ठेवताना मला मनापासून वाईट वाटले, कारण ती लढत झाली असती तर या वहीची निम्मी पाने लागलीच नसती.

३० मार्च

निकाल लिहितो. १९९६ ते १९९८ या तीन वर्षांत नसीम हमीद जगातील सर्वोत्तम फेदरवेट होता, आणि हे विधान मी कोणाहीसमोर करायला तयार आहे. ठोशाच्या ताकदीत तो या गटाच्या संपूर्ण इतिहासात पहिल्या काहींत बसतो. पण पेप, सँडी सॅडलर, सांचेझ, नेल्सन यांच्या रांगेत तो बसत नाही. पंधरा बचाव हा आकडा मोठा आहे. युसेबिओ पेद्रोझाचे एकोणीस त्याहून मोठे आहेत आणि पेद्रोझालाही या रांगेत बसवताना लोक कचरतात. पहिल्या दहांत नाही, पहिल्या पंचविसांत मात्र नक्की, असे माझे अंतिम मत आहे. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध गौरवदालनात त्याचा समावेश झाला, तो योग्यच होता असे मी मानतो, आणि तक्ता पाहिल्यावर सरांनीही हे मान्य केले. त्यांनी पॉल इंगलच्या ओळीचे गुण सहावरून आठ केले. वास्केझच्या ओळीचे गुण वाढवायला मात्र ते तयार झाले नाहीत.

खर्चाचा हिशेब: कॅसेटच्या रूपांतराचे १,४०० रुपये, जुन्या मुष्टियुद्ध मासिकांचे १,८५० रुपये आणि साठवणुकीच्या हार्ड डिस्कचे ४,२०० रुपये, एकूण ७,४५० रुपये. बारा आठवडे लागले. त्यांपैकी जवळपास तीन आठवडे चुका निस्तरण्यात गेले. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या उरलेल्या १८ लढती पावसाळ्यात पाहण्याचा विचार आहे.

६ एप्रिल

विंकोबँकच्या व्यायामशाळेत जमिनीवर रेषा रंगवलेल्या असत आणि मुले त्या रेषांवरून पाय बदलत, ढब बदलत चालत; नसीमही तिथेच शिकला. आमच्या केंद्राच्या फरशीवर आम्ही काल पिवळ्या रंगाने तशाच रेषा ओढल्या. रंगाला ३४० रुपये लागले. ज्या मुलापासून हे सगळे सुरू झाले, त्याला मी आधी बेलकास्त्रोविरुद्धची लढत दाखवली, मग बरेराविरुद्धच्या तीन फेऱ्या फक्त पाय पाहायला लावले, आणि मग रेषेवर उभे केले. पहिल्या सरावात त्याचा पुढचा पाय चार वेळा समोरच्याच्या पायाच्या आत गेला आणि चारही वेळा सरांनी फेरी थांबवून त्याला पाय उचलून रेषेच्या बाहेर ठेवायला लावला. पाचव्या वेळी त्याने तो न सांगता ठेवला. हात अजूनही खालीच होते.